आर्थर रोडचा हल्ला : दवाखान्यातल्या मारहाणीची १२५ वर्षांची गोष्ट

'डॉक्टरला मारहाण' अशी बातमी आपल्या फोनवर इतक्या वेळा येते, की आपण ती न उघडताच पुढे सरकवतो. खाली कॉमेंट ठरलेली असते : 'हल्ली लोकांना संयमच राहिला नाही.' मला त्यातल्या 'हल्ली' या शब्दाबद्दल बोलायचंय. कारण ही गोष्ट निदान १८९६ इतकी जुनी आहे.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली, धान्याच्या वखारींची दाट वस्ती. ६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी फर्मान काढलं. प्लेगचा संशय असलेल्या माणसाला घरातून उचलून दवाखान्यात न्यायचा अधिकार पालिकेला मिळाला. रुग्णाला यायचं आहे की नाही, घरच्यांचं काय म्हणणं आहे, हे विचारायची गरज नव्हती.

हे रुग्ण जायचे आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात. आता चाळीतल्या माणसाच्या नजरेनं बघा. शेजारच्या खोलीतला माणूस तापानं फणफणला, शिपाई आले, त्याला घेऊन गेले आणि दोन दिवसांनी तो गेल्याचं कळलं. प्लेगवर तेव्हा खात्रीचा उपाय नव्हता. शिवाय लोक आजार लपवायचे, त्यामुळे बरेच रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेतच तिथे पोहोचायचे. पण बाहेरून दिसायचं इतकंच, की आत गेलेला परत येत नाही.

मग अफवा सुरू झाल्या. दवाखान्यात माणसं मुद्दाम मारतात, त्यांच्या शरीरातून तेल काढतात. त्याच दिवसांत फोर्टमधल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. त्यावरून आणखी एक आवई उठली : अपमानाचा बदला म्हणून राणीनं माणसांची काळजं मागवलीत! आज हसू येतं. पण हातात फॉरवर्ड नसतानाही अफवा किती वेगानं पळते, ते बघा.

ऑक्टोबरच्या शेवटी एका कामगार स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध आर्थर रोडला नेलं गेलं. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले आणि त्यांनी हल्ला केला.

इथे जरा थांबू. त्या दिवशी आत कोण होतं? फर्मान काढणारे आयुक्त नव्हते. आत होते अंथरुणावरचे रुग्ण आणि त्यांची सेवा करणारी माणसं. सक्तीचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्यापर्यंत जमावाचा हात पोहोचत नव्हता. ज्यांच्यापर्यंत पोहोचत होता, त्यांच्यावर तो पडला.

त्यानंतर पालिकेला माघार घ्यावी लागली. घरीच नीट वेगळं ठेवता येत असेल तर रुग्णाला नेणार नाही, इतकी सक्ती सैल झाली. त्यामागे आणखी एक धास्ती होती : सफाई कामगार शहर सोडून गेले तर मुंबईचं काय? लोक खरंच निघून जात होते. काही महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. पुढे वेगवेगळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालयं काढू दिली, तेव्हा लोकांची भीती थोडी कमी झाली. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी गावाबाहेर दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सरकारनं मात्र ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आणला. कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते उपाय करायची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही, अशी तरतूद. म्हणजे अधिकाऱ्याला कोर्टापासून संरक्षण मिळालं. वॉर्डात काम करणाऱ्याला मारापासून संरक्षण देणारा शब्द त्यात नव्हता. पुण्यात रँडच्या काळात काय घडलं, ते आपण शाळेत शिकलोय. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल पेटली, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली.

तो शब्द त्या कायद्यात यायला २०२० उजाडलं. कोरोनात आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगडफेक झाली, तेव्हा २२ एप्रिलला अध्यादेश निघाला आणि असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरला. १२३ वर्षं लागली! आणि मुंबईतले सुरुवातीचे कोरोना रुग्ण ज्या कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले, ते म्हणजेच तेव्हाचं आर्थर रोडचं रुग्णालय.

महाराष्ट्रात तर २०१० पासूनच वेगळा कायदा आहे. त्यात छोटे दवाखानेही येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोड केली तर दुप्पट भरपाई. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात काय झालं? डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. तिथे न्यूरोसर्जन नव्हता. दुसरीकडे न्या, असं सांगणाऱ्या तरुण निवासी डॉक्टरला नातेवाइकांनी इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. न्यूरोसर्जनचं पद भरणं त्याच्या हातात होतं का? पण समोर तो होता.

माझी मावसबहीण एका सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. ती म्हणते, "औषध संपलं की शिवी मला, डॉक्टर उशिरा आले की शिवी मला. एकदा तर एकानं खिडकीतून हात घालून रजिस्टरच ओढलं." औषधाची खरेदी ती करत नाही, डॉक्टरांची ड्यूटीही ती लावत नाही.

१८९६ चे कामगार रानटी नव्हते. त्यांची भीती खरी होती, त्यांच्यावरची सक्तीही खरी होती. पण मार खाल्ला तो चुकीच्या माणसांनी. कायदा हवाच, आणि तो वापरलाही गेला पाहिजे. पण आर्थर रोडचा ताण कमी झाला तो सक्ती सैल झाल्यावर आणि लोकांना विश्वास वाटेल अशा जागा मिळाल्यावर. आत काय चाललंय हे नातेवाइकांना वेळेवर सांगणारा माणूस, पुरेसे डॉक्टर, भरलेलं औषधाचं कपाट, हेसुद्धा कर्मचाऱ्यांचं संरक्षणच आहे. ते मागायचं असेल तर तक्रार वरच्या टेबलावर न्या, लेखी द्या, नगरसेवकाला, आमदाराला धरा. खिडकीवरच्या माणसावर हात टाकून ते मिळत नाही.

तुमच्या घरात कुणी दवाखान्यात काम करत असेल, तर आज त्यांना हा भाग ऐकवा आणि त्यांचं म्हणणं मला कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!