नवी प्रणाली सरकारी केव्हा होते? ‘शेतकऱ्यां’च्या अर्ध्या र ची गोष्ट

१/ १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. साडेनऊ महिन्यांनी, १७ फेब्रुवारी २००० रोजी, देवनागरी युनिकोडची सोय असलेले ‘विंडोज २०००’ बाजारात आले. सरकारने मात्र युनिकोडला प्रमाण मानले ते २००९ मध्ये. ही मधली नऊ वर्षे कशात गेली, आणि त्यांची किंमत कोणी मोजली?

२/ संगणकावरची देवनागरी त्याहून जुनी. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती. १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे प्रमाण होते. पण विंडोजच्या काळात कार्यालयांनी वेगळी वाट धरली.

३/ ती वाट फॉन्टची. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे, एवढीच युक्ती. पडद्यावर मराठी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र तो रोमन मजकूरच असे. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. कळमनुरीत एका फॉन्टमध्ये टंकलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुंबईत उघडले, तर निरर्थक चिन्हांची रांग दिसायची.

४/ युनिकोडने यावर मूलगामी उपाय काढला. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक: ‘क’ म्हणजे ०९१५, फॉन्ट कोणताही असो. देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली होती. मग २००० सालीच आदेश का निघाला नाही?

५/ पहिली अडचण टेबलावरच्या यंत्राची. विंडोज ९८ मध्ये ही सोय नव्हती. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ती होती, पण मूळ सीडी घालून वेगळी बसवावी लागे. ज्याच्याकडे ती सीडी नाही, त्याच्यासाठी आदेश असून नसल्यासारखाच. २००७ च्या व्हिस्टापासून ही सोय आपसूक मिळू लागली.

६/ दुसरी अडचण अस्सल मराठी. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. हा फरक करणारा अर्धा र हिंदीत लागत नाही. मराठी कारभाराचे मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही, कारण ‘शेतकऱ्यांना’ हा शब्दच त्याच्याशिवाय लिहिता येत नाही.

७/ युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत हा र लिहिण्याची एक रीत होती. पुढे ‘ऱ’वर आधारलेली दुसरी रीत आली आणि जुन्या मजकुरासाठी पहिलीही चालू राहिली. डोळ्यांना दोन्ही सारख्या, संगणकाला वेगळ्या. एका रीतीने लिहिलेले ‘शेतकऱ्यांना’ दुसऱ्या रीतीने शोधले, तर साध्या शोधात सापडत नाही.

८/ ‘ॲ’चीही तीच कथा. ‘ॲड.’ लिहायला स्वतंत्र अक्षर नव्हते. अ वर चंद्र जोडून वेळ भागवावी लागे. ४ एप्रिल २००८ रोजी आलेल्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला.

९/ तिसरी भीती: उद्या प्रमाणच बदलले तर? तसे एकदा घडले होते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरसमूहांचे क्रमांक हलवले गेले आणि आधीच्या क्रमांकांनी लिहिलेला मजकूर निरुपयोगी ठरला. तेव्हापासून युनिकोडचे अभिवचन आहे: एकदा दिलेला क्रमांक हलणार नाही, काढलाही जाणार नाही.

१०/ नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड ५.१.० ‘आणि त्यापुढील आवृत्त्या’ प्रमाण ठरवल्या. ‘त्यापुढील’ हा शब्द त्या अभिवचनाच्या बळावरच वापरता आला. जुने मोडणार नसेल, तर प्रत्येक आवृत्तीसाठी नवा आदेश कशाला? त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबरला, महाराष्ट्र शासनाने प्रमाणित मराठी वर्णमालेचा निर्णय काढला. तीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्थान मिळाले.

११/ थांबण्याला कारणे होती, तशी किंमतही होती. त्या काळात फॉन्टमध्ये साठलेला मजकूर आपोआप युनिकोड होत नाही. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे परिवर्तक लागते, आणि नंतर डोळ्यांनी तपासावे लागते, कारण जोडाक्षरे आणि अर्धा र इथेच चुका राहतात. सातबाऱ्यावरच्या नावात एक अक्षर चुकले, तरी दुरुस्तीसाठी हेलपाटे शेतकऱ्यालाच.

१२/ १ मे २०१८ रोजी, हिंगोली जिल्ह्याच्या एकोणिसाव्या वर्धापनदिनी, डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे ऑनलाइन देण्यास राज्यात प्रारंभ झाला. सेनगावच्या शेतकऱ्याचा उतारा कुठल्याही संगणकावर वाचता यावा, यासाठी प्रत्येक अक्षराचा क्रमांक सर्वत्र एकच असावा लागतो.

१३/ नवी आवृत्ती बाजारात येते तो दिवस कंपनी ठरवते. ती सरकारी कधी करायची, हे ठरवताना तीन प्रश्न विचारावे लागतात: तालुक्याच्या शेवटच्या टेबलावर ती चालते का? आपली सगळी अक्षरे तिच्यात आहेत का? आज लिहिलेले वीस वर्षांनी वाचता येईल का? २००० साली तिन्हींना ‘हो’ म्हणता येत नव्हते. पण जुन्या फॉन्टमधली नवी भर थांबवायला तिन्ही उत्तरांची वाट पाहण्याची गरज नव्हती. इस्कीचे प्रमाण १९९१ पासून हाताशी होतेच.