नर्मदेच्या पाण्यांतील वाटाडे

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांना स्पर्श करीत, नर्मदा सुमारें ५४ किलोमीटर वाहते. महाराष्ट्राच्या वांट्यास आलेली नर्मदा एवढीच. सातपुडा व विंध्य यांच्या दाटींतून जाणारा हा प्रवाह पूर्वीं खडकाळ आणि वेगवान होता. लहान होडीनें पैलतीर गांठतां येई; परंतु व्यापाराचीं जहाजें येथवर चढत नसत. नदीच्या मुखाशीं मात्र निराळी स्थिति होती, आणि पाण्यावरील वाटाड्यांचा जुना इतिहास तेथूनच सुरू होतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीकभाषी दर्यावर्द्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या सागरमार्गाचें वर्णन लिहून ठेविलें. ‘पेरिप्लस’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. भडोच बंदराची वाट किती बिकट होती हें त्यांत सांगितलें आहे. आखाताचें तोंड धोक्याचें, भरतीचा लोंढा अकस्मात् येणारा, आणि त्याच्या तडाख्यांत सांपडलेलें गलबत उलटण्याचें भय नित्याचें! म्हणून राजाच्या चाकरींतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. भरतीबरोबर ते जहाज ओढून वर नेत आणि ओहोटी लागतांच ठराविक डोहांत नांगरून ठेवीत. त्या राजास पुष्कळ इतिहासकार क्षत्रप नहपान मानतात. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून याच बंदराकडे जाई. अर्थात् मराठी मुलखाची समृद्धि कांहीं अंशीं या कोळ्यांच्या ज्ञानावर अवलंबून होती.

पुढें व्यापार ओसरला, पण वाटाड्याची गरज राहिली. परिक्रमा करणारा यात्रेकरू नर्मदा मध्येंच ओलांडीत नाहीं. मुखाजवळ मात्र विमलेश्वराकडून मिठी तलाईकडे त्यास नावेनेंच जावें लागतें, आणि नाव सुटते ती भरतीची वेळ पाहूनच.

वरच्या अंगास नदीच बदलली. १९६१ सालीं सरदार सरोवराची कोनशिला बसली. १९७९ सालीं लवादानें निवाडा दिला. १९९३ च्या पावसाळ्यांत अक्कलकुव्यांतील मणिबेलींत पाणी शिरलें. २०१७ सालीं १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचें लोकार्पण झालें. शूलपाणेश्वराचें जुनें देऊळ, शेतें, पाऊलवाटा, खडकांवरील खळाळ हें सर्व पाण्याखालीं गेलें. वेगवान प्रवाहाच्या जागीं रुंद जलाशय आला आणि कित्येक पाड्यांना होडीखेरीज सोयीची वाट उरली नाहीं. येथें दवाखानाही पाण्यावर तरंगत येतो. २०२० च्या साथींत एक अंगणवाडी सेविका मासेमाराची होडी मागून घेऊन, स्वतः वल्हवीत, दूरच्या पाड्यांवरील बालकांना आहार पोंचवीत असे.

हें पाणी दिसण्यांत शांत आहे, परंतु निर्धोक नाहीं. धरणांतील साठ्याबरोबर त्याची पातळी चढते-उतरते आणि उतरण्याचा कांठ बदलतो. २०१९ च्या संक्रांतीस धडगांव तालुक्यांत नर्मदापूजनासाठीं निघालेल्या माणसांची होडी उलटली व जीवितहानि झाली.

भडोचच्या राजानें परक्यांच्या जहाजांसाठीं जाणते कोळी पदरीं ठेविले होते. आपल्याच प्रजेसाठीं भक्कम होडी आणि जाणता नावाडी यांची तजवीज करणें आजच्या राज्यास अवघड नसावें.