एक गाव, एक पुस्तक; पण कोणतं?



श्रावण आला की आपल्याकडे देवळात किंवा कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागते. हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत. एक जण वाचतं, बाकीच्या ऐकतात, अध्याय संपला की त्यावर चार शब्द बोलतात. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, तेव्हा तर गावच्या गाव एका ग्रंथाभोवती बसलेलं असतं. म्हणजे सगळ्यांनी मिळून एक पुस्तक वाचायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. फरक एवढाच, की पोथी आधीच ठरलेली असते. निवडायची वेळ आली की खरी परीक्षा.

ती वेळ नुकतीच आमच्यावर आली. वाचनालयातर्फे साऱ्या गावानं एक पुस्तक वाचायचं आणि मग त्यावर आपल्या रेडिओवर बोलायचं, असं आम्ही ठरवलं. तीन बैठका झाल्या तरी पुस्तक ठरेना. तेव्हा म्हटलं, हे आधी कुणी केलंय का ते तरी बघू. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

ही कल्पना ग्रंथालयांच्या जगात गाजली ती अमेरिकेतल्या सिॲटल शहरात, 1998 साली. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. ‘सगळ्या सिॲटलनं एकच पुस्तक वाचलं तर?’ अशा अर्थाचं नाव त्यांनी कार्यक्रमाला दिलं. पहिलं पुस्तक निवडलं रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी.

गोष्ट साधी नाही. एका लहान गावात शाळेची बस घसरते आणि चौदा मुलं जातात. मग शहरातून एक वकील येतो आणि आईबापांना म्हणतो, चूक कुणाची ते शोधू, भरपाई मिळवू. बसची चालक, एक बाप, तो वकील आणि वाचलेली एक मुलगी, असे चौघं आपापल्या परीनं ही हकिगत सांगतात. निवड किती विचारानं केली होती ते यावरून कळतं. चौघांचं ऐकल्यावर वाचणारीला स्वतःचं मत बनवावंच लागतं. शेजारणीचं मत वेगळं निघतं आणि बोलायला विषय मिळतो. सगळ्यांनी माना डोलवाव्यात असं पुस्तक घेतलं असतं, तर चर्चा पाच मिनिटांत आटोपली असती.

पर्लबाईंचं आणखी एक म्हणणं होतं. हा ग्रंथालयाचा कार्यक्रम आहे, नागरिकशास्त्राचा तास नाही. एका कादंबरीनं शहरातली भांडणं मिटतील, अशी आशा धरू नये. चांगलं पुस्तक वाचावं आणि त्यावर मनापासून बोलावं. त्यांचा वाचकांसाठीचा एक नियमही प्रसिद्ध आहे. पन्नास पानं वाचून पुस्तक आवडलं नाही, तर खुशाल खाली ठेवा. वय पन्नासच्या पुढे असेल, तर शंभरातून वय वजा करा आणि उरतील तेवढीच पानं वाचून ठरवा. आमच्यातल्या सत्तरीच्या आजी हे ऐकून म्हणाल्या, “म्हणजे मला तीस पानं पुरे!”

सिॲटलचं बघून 2001 मध्ये शिकागोनं हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही 1960 सालची कादंबरी घेतली. अमेरिकेच्या दक्षिणेत एका निरपराध काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आळ येतो आणि एक गोरा वकील त्याच्यासाठी उभा राहतो, अशी ती कथा. पुस्तक ओळखीचं होतं, शाळांतून वाचलं जाणारं होतं. कार्यक्रम गाजला आणि मग गावोगावची ग्रंथालयं हेच करू लागली. पण या पुस्तकावर एक आक्षेप घेतला जातो, तोही ऐकण्यासारखा आहे. अन्याय होतो काळ्या माणसावर आणि हकिगत सांगते गोरी मुलगी. ज्याला सोसावं लागलं, त्याच्या तोंडी शब्द थोडेच.

आता न्यूयॉर्कची गंमत ऐका. तिथं 2002 मध्ये समिती बसली आणि दोन पुस्तकांवर येऊन अडली. एक होती चँग-रे ली यांची ‘नेटिव्ह स्पीकर’ ही कादंबरी. तिचा नायक कोरियन वंशाचा, हेरगिरी करणारा. दुसरं पुस्तक जेम्स मॅकब्राइड यांचं ‘द कलर ऑफ वॉटर’. ज्यू घरातून बाहेर पडून काळ्या समाजात बारा मुलं वाढवणाऱ्या आपल्या गोऱ्या आईची कथा त्यांनी त्यात सांगितली आहे. पहिलं घेतलं तर कोरियन लोक दुखावतील, दुसरं घेतलं तर सनातनी ज्यू दुखावतील, अशी भीती निघाली. समितीत फूट पडली आणि साऱ्या शहराचं एक पुस्तक काही ठरलं नाही. पुढे 2017 मध्ये न्यूयॉर्कनं वेगळी वाट धरली. पाच पुस्तकं लोकांपुढे ठेवली आणि मतं मागितली. निवडून आली चिमामांडा न्गोझी अडिची या नायजेरियन लेखिकेची ‘अमेरिकाना’.

आणखी एक हकिगत आम्हाला फार लागली. साहित्य वाचणारे कमी होत आहेत असं एका राष्ट्रीय पाहणीत दिसलं, म्हणून अमेरिकी सरकारच्या कला संस्थेनं 2006 मध्ये ‘द बिग रीड’ हा उपक्रम दहा ठिकाणी सुरू केला. सुरुवातीच्या चार पुस्तकांत झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेची 1937 सालची कादंबरी होती. ही बाई 1960 मध्ये गरिबीत वारली. तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. 1973 मध्ये ॲलिस वॉकर या दुसऱ्या लेखिकेनं ती जागा शोधून काढली आणि तिथं दगड बसवला. जिचं नाव पुसलं गेलं होतं, तिचं पुस्तक आता गावोगाव एकत्र वाचलं जातं. पुस्तक निवडण्याला केवढी ताकद असते, ते यात दिसतं.

आता आमच्या बैठकीकडे येतो. आमच्यापुढेही दोनच पुस्तकं उरली होती. एक साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये लिहिलेलं, घराघरांत पोचलेलं. दुसरं बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी ते घरच्यांपासून लपवून लिहिलं. 1982 मध्ये ते ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागलं आणि 1986 मध्ये पुस्तक झालं. महारवाड्यातल्या बायांचं जगणं त्यात आहे, भूक आहे आणि बाबासाहेबांमुळे आलेली जागही आहे.

काही जणी म्हणाल्या, “श्यामची आई घ्या. कुणाला लागणार नाही. दुसऱ्यानं गावातल्या जुन्या गोष्टी उकरल्या जातील.” न्यूयॉर्कची समितीच जणू आमच्या सतरंजीवर बसली होती. तेव्हा तिन्ही बैठकांत गप्प बसलेली एक वहिनी बोलली. “त्यातलं माझ्या आजीनं भोगलंय. जखम आमची. ती दुखेल म्हणून वाचायचं नाही, हे तुम्ही कशा ठरवता?”

कुणी काही बोललं नाही. ज्यांना दुखेल म्हणून आम्ही घाबरत होतो, त्यांना विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. दुखणार होतं ते आम्हाला. आपल्याच आज्यांनी काय वागवलं, ते वाचावं लागणार होतं.

शेवटी ‘जिणं आमुचं’ ठरलं. वाचनालयात दोनच प्रती आहेत, म्हणून वर्गणीतून आणखी दहा घेतो आहोत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी दर शुक्रवारी दुपारी पोथीसारखं मोठ्यानं वाचन होईल. पहिली ओसरी त्या वहिनींची. श्यामची आई पुढच्या वर्षी घेऊ.

कुणाला पुस्तक आवडणार नाही, कुणाला राग येईल. आला तर येऊ द्या. रागावून का होईना, या आणि बोला. पण आधी पन्नास पानं वाचा. आजींना तीस चालतील.