वहीतले दोन रकाने

वानर आणि माकड यांतला भेद आमच्या जिंतूरकडच्या पोरांना शिकवावा लागत नाही. तांबड्या तोंडाचे ते माकड, मदाऱ्याचे. काळ्या तोंडाचे नि लांब शेपटीचे ते वानर, मारुतीचे. वानरांनी हरभऱ्याचे घाटे ओरबाडले तर शेतकरी गोफण फिरवतो खरा, पण फिरवताना तोंडाने देवाची क्षमा मागतो. अशा आमच्या गावात 1984 च्या उन्हाळ्यात एक संशोधक विद्यार्थी वह्यांचा गठ्ठा आणि दुर्बीण घेऊन उतरला. मी परभणीच्या कॉलेजातून सुटीवर आलो होतो. दुसरे काम नव्हते, म्हणून बिनपगारी त्याच्या मागे हिंडू लागलो. पण ती हकिगत सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे, कारण आम्ही ज्या वाटेने चाललो होतो ती धारवाडवरून येत होती, आणि त्याच्याही आधी जपानवरून.

1948 साली क्योतोच्या किंजी इमानिशी यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह कोशिमा बेटावरील माकडांचा अभ्यास आरंभला. प्रत्येक जनावर चेहऱ्यावरून ओळखायचे, त्याला नाव द्यायचे आणि वर्षानुवर्षे त्याच्या मागावर राहायचे, ही त्यांची रीत. पाश्चात्त्य पंडितांना ती पोरकट वाटली. आमच्या गुराख्यांना वाटली नसती. 1953 साली इमो नावाची एक लहान मादी रताळे पाण्यात धुऊन खाते, हे प्रथम लक्षात आले ते कोणा प्राध्यापकाच्या नव्हे, तर सात्सुए मितो या तिथल्या प्राथमिक शिक्षिकेच्या. मदतनिसाचे नाव इतिहासात टिकल्याची अशी उदाहरणे थोडी.

याच परंपरेतले युकिमारू सुगियामा 1961 साली धारवाडला आले. धारवाड 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. मराठी बोलणारी घरे तिथे आजही आहेत. योशिबा आणि आपल्याकडील पार्थसारथी हे त्यांचे सहकारी. तिथल्या रानात त्यांनी वानरांच्या टोळ्या मोजल्या. बहुतेक टोळ्यांत मोठा नर एकच, बाकी माद्या व पिले. उरलेले नर निराळ्या टोळक्याने भटकायचे. 1962 साली अशाच सात नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला केला, जुन्या म्होरक्याला हुसकले, आणि पुढे त्या सातांतल्या एकाने इतरांनाही पळवून टोळी बळकावली. मग त्याने अंगावर पिणाऱ्या पिलांना चावे घेतले. पिले नाहीशी झाली, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या आया माजावर आल्या.

सुगियामांनी हे 1965 साली छापले, तेव्हा ते मानायची अनेकांची तयारी नव्हती. फिलिस जे या अमेरिकन विदुषींनी 1958 ते 1960 या काळात उत्तर व मध्य भारतात वानरे अभ्यासली होती, आणि त्यांना ती शांत वाटली होती. धारवाडला दाटी फार, म्हणून जनावरे बिथरली, असा तर्क निघाला. पुढे जोधपूरच्या एस. एम. मोहनोत यांनी 1971 साली तसाच प्रकार नोंदवला. अबूच्या पहाडावर वानरे पाहणाऱ्या सारा हर्डी यांनी 1974 साली सांगितले की हे वेड नव्हे, हिशेब आहे: पिलू गेले की मादी लवकर माजावर येते, आणि नव्या नराला आपली संतती मिळते. वाद पेटला तो इथे.

आमच्या पाहुण्याला हे सारे ठाऊक होते, मला काहीच नाही. त्याच्या वहीत दोन रकाने असत, ‘पाहिले’ आणि ‘ऐकले अगर वाटले’. पहाटे वडाखाली बसायचे, दर दहा मिनिटांनी कोण काय करतो ते लिहायचे. पहिले चार दिवस मौजेचे. मग मान धरते, नि वानरे बहुतेक वेळ पाला खातात किंवा डुलक्या घेतात हे कळून चुकते.

तिसऱ्या आठवड्यात टोळीत एक परका नर दिसू लागला. ओठ फाटलेला. दोन दिवस नुसता धुडगूस. तिसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो होतो, तो एक मादी निपचित पिलू छातीशी धरून चिंचेवर बसलेली. मी पहिल्या रकान्यात लिहिले, ‘नव्या नराने पिलू मारले.’

संध्याकाळी त्याने विचारले, “मारताना पाहिलंस?”

“नाही सर. पण दुसरं कोण मारणार?”

त्याने ओळ खोडली. मला राग आला. एकोणिसाव्या वर्षी येतोच.

दुसऱ्या दिवशी मादीने पिलू टाकले. आमच्याकडे मेलेल्या वानराला माणसासारखी माती देतात. मी पोहोचलो तोवर पारापाशी खड्डा खणून झाला होता, पिलावर पांढरे फडके, त्यावर गुलाल. सरांनी हलक्या आवाजात सांगितले, “मी परका माणूस. तू फडकं उचलून बघ. दाताची खूण आहे का, एवढंच.” हाताच्या अंतरावर होते ते. आजी शेजारीच उभी होती. तिला काय कळले कोण जाणे, ती म्हणाली, “देवाचं लेकरू हाय बाबा. उघडं नगं करू.”

मी हात मागे घेतला. गावाने माती लोटली. कुत्र्याने धरले असेल, असे वडील म्हणाले, आणि गावाने ते मानले.

1995 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी वानरकुळातल्या अशा शिशुहत्यांची मोजदाद केली, तेव्हा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या निम्म्याहून कमी निघाल्या. बाकीच्या पिलू दिसेनासे झाल्यावरून धरलेल्या. ते वाचताना मला पारावरचे पांढरे फडके आठवले. चार वर्षांनी, 1999 साली, नेपाळातल्या रामनगरच्या वानरांच्या विष्ठेतून काढलेल्या डीएनएवरून उत्तर आले: पिलांवर हल्ला करणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते. हर्डींचे पारडे जड झाले. कोणाचेही फडके उचलावे लागले नाही.

आमच्या पाहुण्याचा प्रबंध पुरा झाला नाही. पैसे संपले आणि तो नोकरीला लागला. जाताना त्याने ती वही मला दिली. खोडलेल्या ओळीखाली पहिल्या रकान्यात माझ्याच अक्षरात आहे, ‘मृत पिलू. जखम पाहिली नाही.’ दुसरा रकाना कोरा आहे. त्यात आजीचे वाक्य लिहावे असे पुष्कळदा मनात येते, पण ते ऐकले या सदरात घालावे की वाटले या, हे ठरत नाही.