तोंड उघडण्याचा हक्क

दोस्तांनो, देवाचा वाद आपल्यापुरता १९५६ ला संपला. १४ ऑक्टोबरला नागपूर, १६ ला आपलं चांदा. मग मी, मोहर्लीचा एक मिल कामगार, ख्रिस्ती लोकांच्या भजनांवर काहून लिहितो? कारण हा इतिहास देवाचा कमी, आवाजाचा जास्त आहे. तोंड कोणी उघडायचं, कोणासमोर उघडायचं, याचा आहे.

गावगाड्यात महाराने पाटलासमोर जोहार घालायचा. आमच्या जंगलातला गोंड भाऊही जोहार म्हणतो, पण तो बरोबरीचा. महाराचा जोहार कमरेतून वाकलेला. माणसासमोर ही गत, तर देवासमोर काय असणार? चौदाव्या शतकात चोखोबा विठ्ठलाला अरेतुरे करत होता, त्याच्याशी भांडत होता. जवळीक एवढी, पण पाय उंबऱ्याबाहेर. पंढरपूरचं ते दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ ला उघडलं. मधे सहाशे वर्षं गेली.

अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला अहमदनगरात. नगर भागात पुढं ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांत बहुतेक महार आणि मांग. या मिशनच्या उपासनेत संस्कृत नव्हतं, ठरलेल्या मंत्राची सक्ती नव्हती. साधा माणूस उभा राहून आपल्या बोलीत 'हे बापा' म्हणून प्रार्थना करायचा आणि बाकीचे ऐकायचे. ज्याची सावली चालत नव्हती, त्याचा आवाज चार भिंतींच्या आत चालला. ही गोष्ट लहान नाही.

पण विलायती चाली आपल्या गळ्याला मानवत नव्हत्या. मग अभंग आला, ओवी आली, टाळ-मृदंग आला. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्यानंतर आले ना. वा. टिळक. जात चित्पावन, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५. आपण तुकोबाच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या पदांत ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो, सखा होतो. 'उपासना संगीत' या भजनांच्या पुस्तकात त्यांची पदं भरपूर आहेत. म्हंजे गळा महारामांगांचा आणि शब्द ब्राह्मणाचा. हे टोचतं, टोचायलाच पाहिजे. तरी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. सोवळं सुटताना त्यांना किती जड गेलं, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि १९१७ ला टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती.

मग जात गेली का? नाही गेली. बाबासाहेबांनी धर्मांतरितांची स्थिती तपासली आणि लिहिलं की अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी जात त्याच्या मागे चर्चपर्यंत जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं तर अनुसूचित जातींच्या यादीतून त्याला बाहेरच ठेवलं. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला आपण बौद्ध आत आलो. ख्रिस्ती भाऊ तिथंच उभा राहिला. भजनानं गळा मोकळा झाला, पण हक्काचा कागद मिळाला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आपल्यालाही लागू आहे. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर भीमगीतं गायली, वस्त्या जाग्या केल्या. त्या गाण्यांत भीम बाप आहे, माय आहे. जवळीक तीच, चोखोबाची, चर्चमधल्या मांगाची. मात्र जयंतीला डीजेवर नाव घ्यायचं आणि यादीबाहेरच्या माणसाबद्दल गप बसायचं, तर ती नुसती स्तुती झाली.

कामठीच्या बाबू हरदासांनी 'जयभीम' रुजवला तो वाकून घालायच्या जोहाराच्या जागी. ताठ उभं राहून म्हणायचा शब्द आहे तो. म्हणून चांद्याच्या ख्रिस्ती वस्तीत जा. त्यांच्या म्हाताऱ्यांची भजनं लिहून घ्या. कोणाचे आजे कोणत्या जातीतून आले, का आले, ते विचारा. त्यांचा हक्काचा प्रश्न आपल्या मोर्च्यात घ्या.

जयभीम.