चुंबक : लोखंडाच्या ओढीचा शब्द

विजेवर धावणारी लोकल विरारला पोहोचली १९३६ साली. तिच्या मोटरींत प्रवाह चुंबकत्व निर्माण करतो आणि चाके फिरतात. या चुंबकत्वाच्या मुळाशी 'चुम्ब्' हा संस्कृत धातू आहे : लोखंडाचे चुंबन घेतो तो चुंबक. त्याचे आणखी देखणे नाव अयस्कांत, लोखंडाचा प्रियकर. कालिदासाने 'कुमारसंभवा'त शिवाचे मन पार्वतीकडे ओढण्यासाठी हीच उपमा योजली.

दोन्ही शब्दांना ओढ तेवढी ठाऊक. चुंबकाचे विजेशी नाते मात्र पुढे उलगडले : प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी दाखवले १८२० साली.

प्रवाहाने चुंबक वळवायला आता तारेचे वेटोळेही लागेनासे झाले आहे. बिस्मथ सेलेनाइड या टोपोलॉजिकल पदार्थाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनच्या स्पिनची, म्हणजे परिवलनाची, दिशा त्याच्या वाटचालीशी काटकोनात बांधलेली असते. प्रवाह सोडला की एकाच दिशेचे स्पिन साचतात आणि लगतच्या चुंबकीय थराला पीळ देतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली हा पीळ मोजला, तोही खोलीच्या तापमानाला! संगणकाच्या स्मृतीतले ० आणि १ कमी विजेत पालटावेत, यासाठी ही सारी खटपट चालली आहे.