पुण्यात भाड्याचं घर : पैसे भरून यादी घेण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या जामखेडमध्ये घरोघरी दोन प्रश्न सुरू होतात. ॲडमिशन कुठे घ्यायचं, आणि राहायचं कुठे. नोकरी लागलेल्यांच्या घरी फक्त दुसरा प्रश्न असतो. पूर्वी त्याचं उत्तर सोपं होतं. पुण्यात कुणाचे तरी मामू, कुणाची खाला असायची. कोंढव्यात, कॅम्पात, नाहीतर हडपसरला. मुलगा आधी त्यांच्याकडे उतरायचा आणि महिनाभरात खोली बघायचा. आता मुलं मोबाइल उघडतात. घराचे फोटो, भाडं, नकाशा, सगळं समोर येतं. मग ‘मालकाशी थेट बोला’ यावर बोट ठेवलं, की आधी पैसे भरा असा संदेश येतो.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि नातलगांपैकी बऱ्याच जणांनी हे पैसे भरले आहेत. काहींना घर मिळालं, काहींचे पैसे गेले. पालक भेटले की विचारतात, "सर, भरायचे का?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

दलाल आणि यादी

घरांच्या जाहिरातींची संकेतस्थळं आपल्याकडे काही नवी नाहीत. ९९एकर्स २००५ मध्ये सुरू झालं, मॅजिकब्रिक्स २००६ मध्ये. हाउसिंग डॉट कॉम २०१२ मध्ये मुंबईत आयआयटीच्या मुलांनी काढलं. २०१४ मध्ये बेंगळुरूत नोब्रोकर आलं आणि ‘दलाली नाही’ हेच त्याचं नाव झालं. पुण्या-मुंबईत एजंट साधारण एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो, पुष्कळदा मालकाकडून वेगळं आणि भाडेकरूकडून वेगळं. त्यामुळे दोन-चार हजारांत मालकाचा थेट नंबर मिळतो म्हटल्यावर लोक तिकडे वळणारच.

पण एक फरक नीट समजून घ्या. दलालाला आपण पैसे देतो ते घर मिळाल्यावर. यादीचे पैसे घर मिळण्याआधी जातात. बहुतेक प्लॅनमध्ये विकत मिळतात ते ठराविक मालकांचे संपर्क, ठराविक दिवसांसाठी. घर मिळेल अशी हमी त्यात नसते. कुठे ‘घर मिळालं नाही तर पैसे परत’ असं लिहिलेलं असेल, तर त्याखालच्या अटी वाचा. किती संपर्क वापरले, किती घरं प्रत्यक्ष पाहिली, किती दिवसांत मागणी केली, या अटींतच परतावा अडकतो. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका. इथे तेच करायचं आहे.

मालकाला जाहिरात टाकायला सहसा पैसे पडत नाहीत. त्यामुळे घर गेलं तरी जाहिरात काढायची घाई त्याला नसते. काही एजंट स्वतःच मालक बनून जाहिराती टाकतात. ‘दलाली नाही’ म्हणून आपण पैसे भरतो, आणि फोन उचलणारा म्हणतो, "भाडं एवढं, आणि माझं एक महिन्याचं कमिशन."

पंचवीस नंबरांचा हिशोब

आमच्या भाच्याला खराडीत नोकरी लागली तेव्हा त्याने अशाच एका सेवेचा पंचवीस संपर्कांचा, महिनाभराचा प्लॅन घेतला. सेवेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, दुसरीकडेही कमी-जास्त तेच ऐकलं आहे. पोराने प्रत्येक फोन वहीत लिहून ठेवला होता, म्हणून हिशोब सांगता येतो. सात घरं आधीच गेलेली होती. पाच जणांनी फोनच उचलला नाही. चार जण एजंट निघाले. सहा जणांचं बोलणं नीट चाललं होतं, ते नाव सांगेपर्यंत. नाव ऐकल्यावर कुणाला एकदम आठवलं की घर नात्यातल्याच माणसाला द्यायचं आहे, कुणी "सोसायटीचा प्रॉब्लेम आहे" म्हणालं, एकाने मात्र सरळ सांगितलं की तुमच्या लोकांना देत नाही. राहिले तीन. ती तीन घरं त्याने पाहिली आणि त्यातलं महंमदवाडीचं घेतलं. मालक चांगले आहेत, ईदला शीरखुर्मा खायला येतात.

त्याची अम्मी, म्हणजे आमची आपा, म्हणते पैसे वसूल झाले. झालेही असतील. पण नाव ऐकून मिळालेले सहा नकारसुद्धा त्या पंचवीसमध्येच मोजले गेले. त्याबद्दल त्याने तक्रार केली, तर ‘संपर्क वापरला गेला आहे’ एवढंच उत्तर आलं.

हे एका पोराचं नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण सौगतो दत्ता आणि विक्रम पठानिया या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या शहरांत नेमकी हीच गोष्ट तपासली होती. घरांच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातींना त्यांनी वेगवेगळ्या नावांनी अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावाला मालकाने प्रतिसाद देण्याचं प्रमाण शंभरात ३५ निघालं, मुस्लिम नावाला २२. त्यांचा निबंध २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या वायडर या संस्थेने प्रसिद्ध केला.

आता पाचवी-सहावीचं गणित करा. पंचवीस संपर्कांचा प्लॅन घेतला, तर पहिल्या नावाला जवळपास नऊ उत्तरं येतील, दुसऱ्याला पाच-सहा. पैसे दोघांनी सारखेच भरलेले. दिल्लीचे आकडे पुण्याला जसेच्या तसे लागू होतील असं आम्ही म्हणत नाही. पण प्लॅन निवडताना आपल्या घरांनी हे धरून चालावं, की यादीतले कामी येणारे नंबर जाहिरातीत वाटतात त्यापेक्षा कमी असतील.

नाव कधी सांगायचं

यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत. काही मुलं आधी टोपणनाव सांगतात, घर बघतात, ओळख झाल्यावर खरं नाव सांगतात. आमचं मत उलट आहे. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव, गाव, नोकरी सांगावी. करार करताना आधार कार्ड द्यावंच लागतं. तिथे गाडी अडली, तर दिवस जातो, जाण्या-येण्याचा खर्च जातो, आणि टोकन दिलेलं असेल तर ते परत मिळवताना नाकीनऊ येतात. फोनवरचा नकार झोंबतो, पण तो दोन मिनिटांत मिळतो.

कायद्याचं म्हणाल, तर धर्मावरून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला घर द्यायला लावणारा कायदा आपल्याकडे नाही. संविधानाच्या कलम १५ मधली भेदभावाची मनाई प्रामुख्याने सरकारवर आहे. सोसायटीची गोष्ट थोडी वेगळी आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम मान्य केला होता. पण तो नियम त्या सोसायटीच्या उपविधीत लिहिलेला होता. ज्या सोसायटीच्या उपविधीत असं काही नाही, तिथे ‘सोसायटी देत नाही’ हे बहुतेक वेळा मालकाने पुढे केलेलं कारण असतं. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मालक तयार असेल आणि फक्त सोसायटीला घाबरत असेल, तर ही गोष्ट त्याला शांतपणे सांगावी. आमच्या ओळखीच्या एका मालकाला हे ठाऊकच नव्हतं.

प्लॅन कधी घ्यावा

पैसे भरले त्या दिवसापासून दिवस मोजले जातात. जामखेडमध्ये बसून महिनाभराचा प्लॅन घेतला आणि फक्त रविवारी एसटीने पुण्याला गेलात, तर हातात चारच दिवस येतात. सकाळची गाडी धरली तरी वाकडेवाडीला उतरून कोंढव्यात पोहोचेपर्यंत दुपार होते. म्हणून सलग चार-पाच दिवस पुण्यात मुक्कामाची सोय झाल्यावरच पैसे भरा. त्याआधी फुकटात मिळतील तेवढे संपर्क वापरून घ्या. जाहिरात कधी टाकली आहे ते बघा, पंधरा दिवसांपेक्षा जुनी असेल तर त्यावर नंबर खर्च करू नका. पैसे भरताना ‘ऑटोपे’ला संमती दिली जात नाही ना, हे यूपीआय ॲपमध्ये तपासा. जाहिरातीचा, प्लॅनच्या अटींचा आणि पावतीचा स्क्रीनशॉट त्याच वेळी काढून ठेवा, अटी नंतर बदललेल्या असू शकतात. आणि पहिल्याच दिवसापासून सामान हलवणाऱ्यांचे, रंगारी लोकांचे, कर्जवाल्यांचे फोन सुरू होतील, त्याची तयारी ठेवा.

लष्करातला ‘मालक’

आमची एक माजी विद्यार्थिनी नर्सिंग करून पुण्यात लागली. तिला फुकट जाहिरातीतलं एक घर आवडलं. स्वच्छ, भाडं कमी. फोनवरच्या माणसाने सांगितलं, मी लष्करात आहे, बदली झाली आहे, घर बघायला गेटपास लागेल. त्याने लष्कराच्या ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग म्हणाला, आमच्या खात्याची पद्धत उलटी असते, तुम्ही हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्याच खात्यात येतील. पिन टाकल्याबरोबर तिचे नऊ हजार गेले. दोन दिवस तिने घरी सांगितलं नाही, आणि नुकसान तिथेच पक्कं झालं.

ही फसवणूक देशभर याच पद्धतीने चालते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा : पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. फसवणूक झालीच, तर त्याच तासात १९३० या नंबरवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळवलं, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. मुलीला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती चार दिवस लपवेल.

करार

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही, तर वादाच्या वेळी अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

खर्चाला घाबरायचं कारण नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,००० होतं, त्यात व्याजाचे साधारण ४,६००. त्यावर मुद्रांक शुल्क साडेतीनशेच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. दस्त हाताळणी आणि ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याची मजुरी वेगळी, ती आधी ठरवून घ्या.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, असंही ऐकायला मिळतं. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो नमुना आहे, राज्याने तसा कायदा केला तरच लागू होतो. म्हणून डिपॉझिटचा आकडा, ते किती दिवसांत परत करायचं आणि कशासाठी कापायचं, हे करारातच लिहून घ्या. रोख देऊ नका. महारेराचा नंबर दाखवणाऱ्या एजंटबद्दलही एक गैरसमज आहे. ती नोंदणी प्रकल्पांतल्या घरांच्या विक्रीसाठी असते, भाड्याच्या व्यवहाराची तक्रार तिथे चालत नाही.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याला आपल्याकडे काही घरांत उगाच घाबरतात. ती सगळ्याच भाडेकरूंची द्यायची असते. मालकाने दिली की पोचपावतीची प्रत मागून घ्या.

तक्रार जामखेडमधूनच

यादीच्या सेवेने कबूल केलेलं दिलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि तुम्ही ग्राहक आहात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ‘कस्टमर केअर’च्या चॅटवर भांडत बसू नका. या अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि कुठला नंबर का निकामी ठरला त्याची तारखेसह यादी जोडा. भाच्याची वही इथे उपयोगी पडली असती, पण त्याने चॅटवरच नाद सोडला.

तिथे दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बेंगळुरूची असली आणि घर पुण्यातलं असलं, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला अहिल्यानगरला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. मुदत दोन वर्षांची. त्याआधी एकदा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून बघा. तिथे मराठीतही बोलता येतं.